काळोबाच्या कडेला

अहो, तुमचा काळोबा परवा पहाटे येऊन गेला. हरलीनचा निरोप तुमच्याच फोनवर आला, कारण तुमच्या आकाश बघणाऱ्यांच्या गटात अजून तुमचंच नाव आहे. हल्ली तुमचे सगळे फोन मीच उचलते. कोणी 'सर हैं क्या?' म्हणून विचारलं की मी सांगते, पलीकडचं माणूस रडायला लागतं, आणि मग मी त्याला धीर देते. परवा गॅसवाल्यालासुद्धा दिला.

मला मात्र रडू आलेलं नाही. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण बाकीचे त्यावर माझ्याशी सोडून एकमेकांशी बोलतायत. तुमच्या सुमाताई कराडहून आल्यात, आल्या दिवसापासून माझ्या तोंडाकडे बघत असतात. मुक्ता मोहालीहून लॅपटॉप घेऊन आपल्याकडेच राहायला आली आहे. दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतात. "आत्या, मम्मा को शॉक लगा है," लेक म्हणते. "शॉक कसला गं, ती पहिल्यापासून घट्टच आहे," तुमची बहीण म्हणते. दोघींचंही बरोबर असेल. दात काढल्यावर गाल कसा होतो, आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही, तसं मला सगळीकडे झालंय. माणसं येतात, मी पाणी देते. खालच्या मजल्यावरच्या भाभीजी राजमा पाठवतात, मी डबे घासून परत करते. रात्री झोपही लागते. तीसुद्धा लोकांना बरी दिसत नाही.

भेटायला येणारे विचारतात, साहेबांना आकाशाचा नाद होता म्हणे. मी सांगायला लागते आणि सवयीने थांबते, कारण मी काळोबाबद्दल बोलायला लागले की तुम्ही मधेच दुरुस्ती करायचात. आता करा.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, अगदी बाहेरच्या अंगाला, एक भलामोठा लघुग्रह फिरतो. चंदीगडपासून कर्नालच्या आसपास जाईल एवढा रुंद. रंग कोळशाचा. सूर्याचा जो काही उजेड तिथवर पोचतो तो जवळजवळ सगळा गिळून बसतो. आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून तो दिसत नाही, कधी दिसणारही नाही. पण कधीतरी तो एखाद्या ताऱ्यासमोरून जातो आणि तेवढे काही सेकंद तारा मिटतो. त्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. त्या वाटेवर गावोगावी माणसं दुर्बिणी लावून बसतात, आपल्याकडे तारा कधी मिटला, कधी उघडला ते टिपतात, आणि सगळ्यांचं एकाखाली एक मांडलं की न दिसणाऱ्या वस्तूचा आकार कागदावर उमटतो. तुम्ही हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे चोर कोणी पाहिला नाही, पण कोणाकोणाच्या घरचे दिवे गेले त्यावरून चोर केवढा ते ठरवायचं." तुम्ही म्हणालात, "अगदी बरोबर नाही, पण चालेल." तुमच्याकडून याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

त्याला खरं नाव आहे, परदेशी. ते माझ्या जिभेवर बसेना म्हणून मी त्याला काळोबा केलं. गावाच्या शिवेबाहेर असतात ना तसले देव, ज्यांना कोणी शेंदूरही लावत नाही. पुढे तुमच्या गटातले सरदारजीही 'काळोबा जी' म्हणायला लागले आणि तुम्हाला हरकत घ्यायची सोय उरली नाही.

तुमच्या नशिबात मात्र कायम कड. चंदीगडच्या सेक्टर अडतीसमधलं आपलं वरच्या मजल्याचं घर काही उचलून नेता येत नाही. या असल्या दगडांच्या सावल्या कधी लुधियान्यावरून गेल्या, कधी शिमल्यावरून, आणि आपलं छत दर वेळी वाटेच्या अगदी काठाला नाहीतर जरासं बाहेर. तुम्ही पहाटे मफलर गुंडाळून वर जायचात. ताऱ्याला डोळा लावून बसायचात. शेजारी फोन ठेवलेला, त्यात सेकंदाची टिकटिक चालू आणि त्याच्यावर तुमचा आवाज भरायचा. तारा मिटला की म्हणायचं 'मिटला', दिसला की 'उघडला'. गटातले बाकीचे इंग्रजीत बोलायचे. तुम्ही म्हणायचात, घाईच्या वेळी तोंडातून आईचीच भाषा निघते, तिला उशीर होत नाही. पण ते दोन शब्द म्हणायची वेळ तुमच्यावर सहसा आलीच नाही. तारा जागच्या जागी राहायचा. मग तुम्ही गुडघे धरत जिना उतरायचात आणि हसऱ्या चेहऱ्याने सांगायचात, "काही झालं नाही."

काही झालं नाही याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. वर ते रेकॉर्डिंग जपून ठेवायचात. मी विचारायचे, "काही झालंच नाही, तर ठेवता काय? टिकटिक?" तर म्हणायचात, "काही झालं नाही याचा पुरावा तोच. सावली इथवर आली नाही हे कोणीतरी सांगायला नको?" मी म्हणायचे, मग आपल्याकडे चोरी झाली नाही म्हणून रोज पोलीस चौकीत जाऊन सांगत जा.

आणि आपलं ते नेहमीचं भांडण. तुमचा डोळा दुर्बिणीला लागला की घरात कोणी बोलायचं नाही, असा तुमचा नियम. आवाज रेकॉर्डिंगमध्ये जातो. तो नियम मी कधी पाळला नाही, मुद्दाम नव्हे, पण आपला माणूस थंडीत बसलाय म्हटल्यावर मला राहवायचं नाही. जिन्यातून हाक मारायचे, "अहो, चहा ठेवू का?" तुम्ही गप्प. खाली आल्यावर करवादायचात, "तुझा चहा कायमचा गेला त्या रेकॉर्डिंगमध्ये. आता जगाला कळणार." मी म्हणायचे, "मग हो किंवा नाही म्हणायचं होतं. एवढं विचारते तर उत्तर नको द्यायला?" पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी विचारायचे, तुम्ही गप्प.

या वेळी काळोबा मोठा मान देऊन येणार होता. वाट कुरुक्षेत्रावरून, अंबाल्यावरून. तुम्ही वर्षभर त्याच्याबद्दल बोलत होतात. आणि तुम्ही बसणार कुठे, तर घरी. पुन्हा कडेलाच. त्या सकाळी मी चिडले ते त्याच्यावरून.

"या खेपेला कुरुक्षेत्राला जा हो," मी म्हटलं. "हरलीन गाडी काढतेय. मध्यावर बसा. एकदा तरी तारा नीट मिटताना बघा."

"मध्यावर चौघं आहेत. इकडे कोणी नाही."

"इकडे काही होतच नाही!"

"तेच तर सांगायचं असतं."

मग मी बोलले. माझं बोलणं नुसतं ताऱ्यावर राहिलं नाही, ते तुम्हालाही कळलं असणार. म्हटलं, सबंध नोकरी हवाई दलात इंजिनं तपासण्यात घालवलीत. उडाले दुसरे, तुम्ही धावपट्टीच्या कडेला. वर चढले दुसरे, तुम्ही कडेला उभे राहून टाळ्या वाजवल्यात. सगळे आपापल्या गावी गेले, आपण या परक्या शहराच्या कडेला राहिलो. आता आभाळातसुद्धा कडेलाच का? का म्हणून?

तुम्ही चिडला नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागलात आणि म्हणालात, "थांब, सांगतो."

गॅसवर दूध होतं म्हणून मी आत गेले. दूध उतू गेलं नाही, मी वेळेत बंद केलं. हे मला राहून राहून आठवतं, दूध वेळेत बंद केलं होतं. बाहेर आले तेव्हा पेपर तुमच्या मांडीवर होता, चष्मा हातातच होता, आणि तुम्ही नव्हता.

पुढचं सगळं झालं, जसं होतं तसं. तुम्हाला एक गंमत सांगायची राहिली, दहाव्याची. सुमाताईंचा हट्ट की पिंडाला कावळा शिवलाच पाहिजे. आम्ही घग्गर नदीच्या काठी गेलो. इथल्या पंडितजींना पिंड ठाऊक, पण कावळ्यासाठी ताटकळत बसणं ठाऊक नाही. "माताजी, गाय को खिला दो, हो गया," म्हणत होते. सुमाताई म्हणाल्या, "इनको बोलो, कावळा येईपर्यंत मी हलणार नाही." कावळे होते, पुलाच्या कठड्यावर ओळीने बसून आमच्याकडे बघत होते. चंदीगडचे कावळे, त्यांना मराठी पिंडाचा सराव नाही. सुमाताईंनी पदर पसरून एकेक सांगितलं. मुक्ताचं चांगलं होईल, माझ्याकडे बोट करून, शैलाला आम्ही अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक असेल त्याचं काय राहिलंय ते. बोल की."

मी म्हटलं, "काळोबा मी बघते. छत रिकामं राहणार नाही."

पंडितजींनी हात जोडले. आमचं कुलदैवत वाटलं असावं. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. कावळा तरीही आला नाही. शेवटी सुमाताईंनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही निघालो. पण शब्द दिला तो दिलाच.

संध्याकाळी हरलीनला फोन लावला. सेक्टर एकोणचाळीसमध्ये जंतूंवर संशोधन करते ती पोरगी, आणि तुमच्या या सगळ्या फौजेची सेनापती. तिचा आवाज लगेच भरून आला. "आंटी जी, आप रहने दो. छत खाली रही तो भी चलेगा."

"चलेगा?" मी विचारलं.

ती म्हणाली, "नहीं चलेगा, आंटी जी. उस साइड पे सिर्फ अंकल थे. उनके बाद कोई नहीं."

म्हणजे आपलं छत रिकामं राहिलं असतं तर काळोबाची एक बाजू उघडीच राहिली असती. कुठे संपतो ते कोणी सांगू शकलं नसतं, आणि असा योग पुन्हा यायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तुम्ही मध्यावर का जात नव्हता हे मला तेव्हा समजलं. पण ते हरलीनने सांगितलं, तुम्ही नाही.

तर परवा पहाटे तुमचा मफलर गुंडाळून मी वर गेले. धुक्याचे दिवस सरलेत, आभाळ स्वच्छ होतं. तुमची मान धरायला लागल्यापासून तारा शोधायचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. चित्रा नक्षत्राचा ठळक तारा धरायचा, तिथून दोन उड्या खाली, मग लहानसा त्रिकोण, त्याच्या टोकाशी आपला. सापडला. फोनवर टिकटिक चालू केली, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि डोळा लावला. तारा नजरेतून सरकत राहतो, नळी हलक्या हाताने ढकलत राहावी लागते, हे मी तुम्हाला करताना पाहिलं होतं. करायला लागल्यावर कळलं की त्यात माणसाला दुसरं काही सुचतच नाही. लांब कुठल्या तरी गुरुद्वाऱ्यातून पाठ ऐकू येत होता. टिकटिक चालू होती. तारा होता. नळी ढकलली. तारा होता.

मला वाटलं होतं, निदान आता काही होईल. ताऱ्याला नाही तर मला. तुमच्या स्टुलावर, तुमच्या मफलरमध्ये, तुमच्या जागी बसलेय, आता तरी आतलं काही हलेल. वेळ आली आणि गेली. तारा पापणी न लववता माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. खाली आले तेव्हा सुमाताई जाग्या होत्या. "दिसला का गं तुमचा काळोबा?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. रेकॉर्डिंग हरलीनला पाठवलं आणि कणीक भिजवायला घेतली.

दुपारी तिचा फोन आला. खूश होती. कुरुक्षेत्राला तारा छान मिटला, अंबाल्याला मिटला, आपल्या अलीकडच्या डेराबस्सीला जेमतेम क्षणभर मिटला. आणि आपल्याकडे नाही. "आंटी जी, किनारा मिल गया! डेराबस्सी के बाद और आपसे पहले. आप न होतीं तो हम अंदाज़ा ही लगाते रहते." मी बरं म्हटलं. मग ती जरा अडखळली. "बस एक चीज़ पूछनी थी. बीच में आपने कुछ बोला है, मराठी में. अंकल 'मिटला' बोलते थे, वो मैं पहचानती हूँ. ये कुछ और है. तारा एक सेकंड के लिए भी गया था क्या?"

मी म्हटलं, मी काही बोलले नाही. मला नियम ठाऊक आहे, मी तोंड उघडलेलं नाही.

"बोला है, आंटी जी. एक बार सुन लो."

मी गच्चीच्या जिन्यात बसून ऐकलं. टिकटिक, गुरुद्वाऱ्याचा पाठ, नळी सरकल्याचा बारीक आवाज. माझा श्वास. आणि मग माझाच आवाज, मोठा नाही, रोजच्यासारखा.

"अहो, चहा ठेवू का?"

मला अजूनही आठवत नाही, अहो. डोळा ताऱ्यावर होता, हात नळीवर होता, आणि तोंडाने आपलं काम परस्पर केलं. तुमच्या स्टुलावर मीच बसलेली आणि तुम्हालाच विचारतेय.

हरलीन फोनवर वाट बघत होती. मी म्हटलं, "तारा गया नहीं बेटा. वो घर की बात है. कुछ नहीं हुआ."

"पक्का?"

"पक्का."

तिने तसंच लिहिलं. तुमच्या नावापुढे, माझं नाव जोडून, काही झालं नाही.

फोन ठेवला आणि जिन्यातच बसून तुमची जुनी रेकॉर्डिंगं काढली. इतक्या वर्षांत एकही ऐकलं नव्हतं, काही न झालेलं काय ऐकायचं म्हणून. कुठलंसं एक लावलं. टिकटिक, कुत्रं, थंडीत तुमचं नाक ओढणं. मग लांबून, जिन्यातून, मी: "अहो, चहा ठेवू का?" आणि त्यावर तुम्ही गप्प. पण गप्प म्हणजे काय ते मला आजवर माहीत नव्हतं. हाक गेल्याबरोबर तुमचा श्वास थांबतो. मग नाकातून एक त्रासलेला, ओळखीचा सुस्कारा बाहेर पडतो. दुसरं लावलं, त्यातही तसंच. तिसऱ्यात सुस्काऱ्याच्या मागे बारीकसं हसू आहे, ओठ मिटून दाबलेलं. तुम्ही दर वेळी उत्तर देत होता. खालपर्यंत येत नव्हतं एवढंच.

मग पुन्हा माझं लावलं. अहो, चहा ठेवू का. टिकटिक. टिकटिक. पाठ. टिकटिक.

तिथे काहीच नाही.

तेव्हा मला रडू आलं. आलं म्हणजे कसं, मुक्ता लॅपटॉप टाकून धावत आली. पायरीवर मला चिकटून बसली. सुमाताई खालूनच म्हणाल्या, "रडू दे तिला, रडू दे." मी किती वेळ रडले ते माहीत नाही. त्यानंतर पुन्हा सगळं बधिर झालंय, जेवणखाण, झोप, गॅसवाला. पण त्या एका ठिकाणी दुखतं हे आता मला नक्की ठाऊक आहे.

दुर्बीण झाकून ठेवली आहे. मुक्ता म्हणते मोहालीला चल, सुमाताई म्हणतात कराडला चल. मी दोघींना सांगितलं, या छताच्या पुढे कोणी नाही, मी इथेच आहे. मुक्ताला वाटलं मी आकाशाबद्दल बोलतेय. तुम्ही असता तर म्हणाला असता, अगदी बरोबर नाही, पण चालेल.

एवढंच राहिलं आता. त्या सकाळी मी विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, थांब, सांगतो. मी थांबलेय. टिकटिक बंद केली आहे, रेकॉर्डिंग बंद आहे. आता बोललात तरी चालेल.